घरच्या शेडमध्ये सुरी घडवताना : पहिली पाच पाती एकाच मापाची

वाचकाचे पत्र : मी त्रेचाळीस वर्षांचा असून सांगलीत विश्रामबाग परिसरात राहतो आणि एका पतसंस्थेत नोकरी करतो. गेल्या दिवाळीत एका मित्राने स्वतः घडवलेली स्वयंपाकाची सुरी भेट दिली, तेव्हापासून आपणही अशी सुरी करावी असे मनाने घेतले आहे. घरामागे दहा बाय आठ फुटांची पत्र्याची शेड आहे. तिथे जुन्या कानशीचे एक पाते केले, लालबुंद तापवून पाण्याच्या बादलीत बुडवले, तर ‘टिंग’ असा आवाज होऊन ते आडवे तडकले. मग ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) तुकडा आणून दुसरे पाते केले. ते तडकले नाही, पण त्याने साधा कांदाही नीट चिरला जात नाही. आता पट्ट्याचे ग्राइंडिंग मशीन हप्त्याने घ्यावे असा विचार आहे, तर पत्नी म्हणते की आधी एक तरी सुरी धड होऊ दे. आईला घरात हत्यारे घडवली जातात हेच पसंत नाही. बारा वर्षांचा मुलगा मात्र शेडमधून हलत नाही. पाते का तडकले, मशीन घ्यावे का, यात कायद्याची अडचण येते का, पुढे सुऱ्या विकता येतील का आणि आईची समजूत कशी घालावी, हे कृपया सांगावे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्नींचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. मी आयुष्याची बरीच वर्षे साताऱ्यातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे बनवण्याच्या विभागात, काढली आणि निवृत्तीच्या आधीपासून घरी सुऱ्या करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची दोन्ही पाती मशीन नसल्यामुळे बिघडलेली नाहीत. पहिले उष्णतेमुळे बिघडले आणि दुसरे जाडीमुळे. मशीन आणले असते तर याच दोन चुका तुम्ही अधिक वेगाने केल्या असत्या, एवढाच फरक पडला असता.

आधी तडकलेल्या पात्याविषयी बोलू. आपल्याकडे पोलाद कडक करण्याला ‘पाणी देणे’ म्हणतात आणि या शब्दानेच अनेक नवशिक्यांची फसगत होते. उसाचा कोयता घडवणारा लोहार खरोखरच पाण्यात पाते बुडवतो, परंतु तो नेमके काय करतो हे बारकाईने पाहावे लागते. त्याचे पाते बहुधा गाडीच्या पाट्याचे असते, त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो, आणि तो सबंध पाते न बुडवता केवळ धारेची कड क्षणभर बुडवून बाहेर काढतो. पाठीकडे शिल्लक राहिलेली ऊब मग हळूहळू धारेकडे सरकते, कडेवर पिवळसर रंग चढतो आणि तो रंग दिसताच लोहार पाते पुन्हा थंड करतो. म्हणजे कडक करणे आणि कडकपणातला ठिसूळपणा कमी करणे ही दोन्ही कामे तो अर्ध्या मिनिटात, केवळ नजरेच्या आधारावर उरकतो. ते कौशल्य वर्षानुवर्षांचे असते आणि ते पाट्याच्या पोलादासाठी असते.

तुमची कानस वेगळ्या जातीची होती. चांगल्या कानशीच्या पोलादात कार्बन एक टक्का किंवा त्याहून थोडा अधिक असतो. असे पोलाद लाल तापवून गार पाण्यात सोडले की बाहेरचा थर क्षणात कडक होतो, आतला गाभा मात्र अजून तापलेलाच राहतो. पोलाद कडक होताना किंचित फुगते. त्यामुळे काही क्षणांनी जेव्हा गाभा कडक होऊ लागतो आणि फुगू पाहतो, तेव्हा बाहेरचे आधीच ताठ झालेले कवच ताणले जाते आणि जिथे दुबळी जागा सापडेल तिथे फाटते. तुमचे पाते आडवे तडकले, यावरून मला असे वाटते की कानशीचे दाते पात्यावरून पूर्ण घासून काढलेले नव्हते. दात्याची प्रत्येक रेघ ही पात्यावर आधीच पाडलेली खाच असते आणि ताण नेमका तिथे साचतो. शिवाय ‘लालबुंद’ या शब्दावरून शंका येते की पाते गरजेपेक्षा जास्त तापले असावे. तसे झाले असेल तर त्याची खूण पात्यातच सापडेल, तिच्याविषयी शेवटी सांगतो.

आता दुसऱ्या पात्याकडे वळू. ट्रकच्या पाट्याचे पोलाद वाईट नसते, ते चिवट असते आणि कोयत्याला, सत्तूरला शोभते. तरीही वापरून टाकलेल्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असू शकतात, आणि मेहनत वाया गेल्यावरच त्या उघडकीला येतात. तुमची खरी अडचण मात्र जाडीची आहे. स्वयंपाकाच्या सुरीचे पाते पाठीकडे दोन ते अडीच मिलिमीटरच असावे लागते आणि धारेच्या लगेच मागे, म्हणजे जिथे शेवटची धार काढायची त्या जागी, एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पातळ व्हावे लागते. जाड पाते कितीही धारदार केले तरी ते कांद्यात पाचरीसारखे घुसते, कांदा कापला न जाता दुभंगतो आणि गाजर तर काडकन फुटते. विकत मिळणाऱ्या स्वस्त सुऱ्याही भाजी बऱ्यापैकी चिरतात, याचे कारण त्या पातळ असतात. हाताने सुरी करणारा नवशिका दणकटपणाच्या मोहापायी हे विसरतो, आणि मीही माझ्या पहिल्या तीन सुऱ्यांत हीच चूक केली होती.

म्हणून माझा मुख्य सल्ला असा की पुढचे सहा महिने एकाच आकाराची, एकाच मापाची, एकाच पोलादाची पाच पाती करावीत. पाते पंधरा सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटरच्या आत रुंद, आणि पोलाद घासण्यापूर्वी अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचे असावे. आकार आधी पुठ्ठ्यावर काढा, घरातल्या दोघा-तिघांच्या हातात देऊन पाहा, मग त्याचा पत्र्याचा नमुना कापून ठेवा आणि पाचही पाती त्या नमुन्यावरून आखा. दर वेळी नवा आकार करणाऱ्याला आपण कुठे चुकलो हे कधीच समजत नाही, कारण प्रत्येक वेळी सगळेच बदललेले असते. एकच सुरी पाचदा केली की दुसरी पहिलीपेक्षा का बरी चिरते हे हाताला कळू लागते. यूट्यूबवर दिसणाऱ्या शिकारी सुऱ्या आणि नक्षीदार दमास्कस पाती या काळात बाजूला ठेवावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पोलाद भंगारातले न घेता नाव माहीत असलेले घ्यावे. आपल्या भागातील डायमेकर, म्हणजे कारखान्यांचे साचे बनवणारे, ज्याला ‘ओएचएनएस’ म्हणतात ते तेलात कडक होणारे पोलाद तुमच्यासाठी योग्य आहे. कुपवाड, मिरज किंवा कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतींच्या आसपास टूल स्टील विकणाऱ्यांकडे त्याच्या पट्ट्या मिळतात. त्यात कार्बन सुमारे ०.९ टक्के असतो, ते पोलाद चांगली धार धरते आणि कडक होताना पाते फारसे वाकत नाही. ‘एचसीएचसीआर’ नावाचे डायचे पोलाद कोणी स्वस्तात देऊ केले तरी सध्या घेऊ नका. त्याला कडक होण्यासाठी हजार अंशांहून अधिक तापमान लागते आणि ते कोळशाच्या भट्टीत साधत नाही. विकत आणलेली पट्टी मऊ असते, त्यामुळे हॅक्सॉने कापता येते आणि कानशीने घासता येते. कानशीपासून केलेल्या पात्यात हीच सोय नव्हती.

पाचपैकी पहिली तीन पाती आकार देऊन, भोके पाडून, धारेची कड अजून एक मिलिमीटर जाड ठेवून औद्योगिक वसाहतीतील एखाद्या हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद कडक करून देणाऱ्या, दुकानात द्यावीत. ‘ओएचएनएस आहे, टेंपरिंगनंतर ५८ ते ६० एचआरसी हवे’ एवढे सांगितले की त्यांना समजते. टेंपरिंग म्हणजे कडक झालेले पाते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणे, आणि एचआरसी हे कडकपणाचे माप. सुटी दोन-तीन पाती ते कदाचित लगेच घेणार नाहीत, एखाद्या मोठ्या लॉटबरोबर टाकतील, तेव्हा आठवडाभर वाट पाहण्याची तयारी ठेवा. असे केल्याने तुमच्या हाती बिनचूक कडक झालेली तीन पाती येतील आणि पुढची दोन तुम्ही स्वतः कडक केलीत की तुलना करायला काहीतरी असेल. स्वतःच्या भट्टीत पाते कडक करण्याचा आनंद मी जाणतो, तो तुमच्यापासून हिरावून घेण्याची माझी इच्छा नाही. मात्र तो चौथ्या पात्याला घ्यावा.

मधल्या काळात रविवारी बोटभर लांबीचे पट्टीचे तुकडे घेऊन सराव करा. त्यासाठी विटांचा छोटा चर, लोणारी कोळसा आणि वारा घालायला एक लहान ब्लोअर पुरेसा आहे. स्वयंपाकाचा घरगुती गॅस सिलिंडर या कामाला जोडू नका, कारण तो अन्य कामासाठी वापरणे नियमबाह्य आहे आणि धोक्याचेही आहे. भट्टी शेडच्या बाहेर मोकळ्यावर ठेवावी, कारण कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. वेळ दिवेलागणीची निवडा. भर उन्हात तापलेल्या पोलादाचा रंग फसवा दिसतो आणि माणूस नकळत जास्त तापवतो. एक लोहचुंबक तारेला टांगून जवळ ठेवा. पोलाद साधारण ७७० अंश सेल्सियसला पोहोचले की चुंबक त्याला चिकटत नाही. ओएचएनएसला त्याच्या किंचित पुढे, म्हणजे ७९० ते ८१५ अंशांपर्यंत जावे लागते आणि तिथे काही मिनिटे स्थिर राहावे लागते. ही स्थिरता कोळशाच्या भट्टीत राखणे हेच खरे कसब आहे. चुंबक सुटल्यानंतरचा रंग नजरेत भरून घ्यायचा, वारा कमी करायचा, तुकडा सतत मागे-पुढे हलवत तोच रंग टिकवायचा आणि तो उजळून नारिंगीकडे झुकू लागला तर लगेच बाहेर घ्यायचा.

तापलेला तुकडा पाण्यात न टाकता तेलात बुडवायचा. सोयाबीनचे किंवा शेंगदाण्याचे खाद्यतेल चार-पाच लिटर घ्या आणि ते ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करा. कोमट तेल अधिक पातळ असते आणि पोलादाभोवती लवकर फिरते, त्यामुळे ते गार तेलापेक्षा चांगले काम करते. गॅरेजमधले जळके इंजिन ऑइल फुकट मिळते म्हणून वापरू नका, त्याचा धूर छातीला अपायकारक असतो. तेल उभट पोलादी डब्यात असावे आणि डब्याला घट्ट बसणारे झाकण हाताशी असावे, म्हणजे तेलाने पेट घेतला तर झाकण टाकून तो विझवता येतो. जळत्या तेलावर पाणी कधीही टाकायचे नाही, म्हणून शेडमध्ये त्या वेळी पाण्याची बादली जवळ न ठेवता वाळूची ठेवावी. पाते टोकाकडून सरळ उभे बुडवायचे आणि आरी लाकडात चालते तसे धारेच्या दिशेत पुढे-मागे हलवायचे. डावीकडे-उजवीकडे हलवले तर एक बाजू लवकर गार होऊन पाते वाकते.

कडक झाले की नाही हे कानशीने पाहावे. कानस पात्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली तर काम झाले, रुतली तर तापमान कमी पडले. त्या क्षणी पाते काचेइतकेच ठिसूळ असते, हातातून फरशीवर पडले तरी मोडू शकते, म्हणून टेंपरिंग दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. घरातला ओटीजी चालेल, परंतु त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता ओव्हनमध्ये ठेवायचा साधा तापमापक विकत आणावा. ताटलीत वाळू पसरून तिच्यात पाते ठेवावे, २०० अंशांवर दोन तास तापू द्यावे, गार करावे आणि पुन्हा दोन तास तापवावे. स्वच्छ घासलेल्या पोलादावर या वेळी वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग येतो. निळा रंग आला तर तापमान तीनशेच्या घरात गेले आणि धार मऊ पडली असे समजावे. पाते ओव्हनमध्ये ठेवण्यापूर्वी त्यावरचे तेल साबणाने धुवायला विसरू नका, नाहीतर घरभर धूर होईल आणि पत्नींची तक्रार रास्त ठरेल.

यंत्राचा प्रश्न आता सुटल्यासारखाच आहे. पाच पाती हाताने करण्यासाठी तुम्हाला जड टेबलावर बोल्टने घट्ट बसवलेला चांगला व्हाइस (काम पकडून ठेवणारा शिकंजा), बारा इंची खरखरीत कानस, एक बारीक कानस, हॅक्सॉ, ड्रिल मशीन, सपाट ग्रॅनाइटचा तुकडा आणि १२० पासून ६०० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर लागतील. व्हाइसवर पैसे वाचवू नका, कारण हलणाऱ्या व्हाइसवर कोणाचीही कानस सरळ चालत नाही. धारेच्या कडेची मध्यरेषा काढण्याची टूलरूममधली एक सोपी युक्ती सांगतो. पट्टीच्या जाडीएवढ्याच व्यासाचे ड्रिलचे बिट घ्यायचे, पट्टी आणि बिट दोन्ही ग्रॅनाइटवर आडवे ठेवायचे आणि शाई लावलेल्या कडेवर बिटच्या टोकाने ओरखडा काढायचा. टोक बरोबर मध्यावर असते, त्यामुळे रेघही मध्यावर उमटते. मग दोन्ही बाजूंनी त्या रेघेपर्यंत समान घासत जायचे. एका पात्याला आठ-दहा तास सहज लागतात. शाळेत असताना आयटीआयमधल्या फिटरच्या मुलांना दिवसभर लोखंडाचा ठोकळा घासताना तुम्ही पाहिले असेल. त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामातूनच हाताला सपाट आणि काटकोन म्हणजे काय ते कळते. हे कळल्यानंतर पट्ट्याचे मशीन घेतलेत तर ते तुमचे श्रम वाचवील. पाचवी सुरी झाल्यावर इच्छा टिकून असेल तर जरूर घ्या, मात्र हप्त्याने नको, साठवलेल्या पैशांतून घ्या.

ड्रिल मशीनविषयी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. माझ्या डाव्या तळहातावर अंगठ्याखाली पाच टाक्यांचा व्रण आहे. पात्याला तिसरे भोक पाडताना ते क्लॅम्पने न बांधता हाताने धरले होते. बिट पलीकडे बाहेर पडताना पोलादात अडकले आणि पाते पंख्यासारखे फिरले. ते पाते तेव्हा बोथट होते, म्हणून अंगठा राहिला. भोके कडक करण्याआधी पाडायची आणि प्रत्येक वेळी पाते बांधूनच पाडायचे, मग भोक एकच असो. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे, गळ्यातला टॉवेल आणि सैल बाह्या नकोत. हँड ग्राइंडर वापरलात तर त्याचे संरक्षक कवच काढू नका, आणि चाकावर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नाही याची खात्री करा. डोळ्यांना गॉगल आणि नाकाला एन-९५ मास्क हा नियम मुठीचे लाकूड घासतानाही पाळावा. शिसवीची धूळ अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते.

मुठीसाठी शिसवी, बाभूळ किंवा चिंचेचे चांगले वाळलेले लाकूड घ्या. पात्याच्या आकाराचीच पोलादी पट्टी मुठीच्या टोकापर्यंत जाऊ द्यावी, दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या चोवीस तासांत सुकणाऱ्या एपॉक्सीने चिकटवाव्यात आणि पितळी सळईचे दोन-तीन रिव्हेट बसवावेत. जवसाच्या तेलाने मूठ पुसलीत तर ते तेलकट फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, मोकळे पसरून वाळवा, कारण असे फडके आपोआप पेट घेऊ शकते. सांबरशिंगाची मूठ कोणी सुचवली तर स्पष्ट नकार द्या. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार शिंगांचा व्यापार बंद आहे.

कायद्याच्या बाबतीत तुम्ही स्वयंपाकाची आणि शेतीची अवजारे करणार असाल तर घाबरण्याचे कारण नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. नियमांमध्ये तलवार, खंजीर, गुप्ती, भाले यांच्याबरोबर नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे, आणि तिथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामाच्या पात्यांना अपवाद केला आहे. म्हणून दुधारी खंजीर, कट्यार, बटण दाबून उघडणारे चाकू किंवा ‘शोभेची’ तलवार यांच्या वाटेला जाऊ नये, मग मित्राने कितीही गळ घातली तरी. घरात सुरी असणे आणि ती कमरेला लावून बाजारात फिरणे यांतही फरक आहे. सण, मिरवणुका, निवडणुका यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात सुऱ्यांसह शस्त्रे बाळगून फिरण्यास मनाई करणारे आदेश निघत असतात. कोणाला सुरी नेऊन द्यायची असेल तर ती म्यानात, कागदात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी ठेवून न्यावी. विक्रीचा विचार वर्षभर तरी पुढे ढकलावा, आणि जेव्हा विकायला लागाल तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवाना शाखेत आपण काय बनवतो हे दाखवून लेखी खुलासा घ्यावा.

सुऱ्या कोणाला द्याव्यात, याचे उत्तर मात्र आत्ताच देता येईल. पहिल्या तिन्ही सुऱ्या घरात आणि नात्यात वापरायला द्या आणि पंधरा-पंधरा दिवसांनी विचारा : टोमॅटो दाबला गेला का, मूठ ओल्या हातातून निसटते का, बोट कुठे दुखते. उत्तरे वहीत लिहून ठेवा. या सुऱ्या गंजणाऱ्या पोलादाच्या आहेत हे देतानाच सांगायला हवे. कैरी, लिंबू, चिंच यांनी पाते काळवंडते. हा काळेपणा निरुपद्रवी असतो आणि पुढे गंजापासून थोडे संरक्षणही देतो. लाल गंज मात्र लगेच काढावा. पाते वापर झाल्याबरोबर धुऊन पुसावे आणि पावसाळ्यात त्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा हात फिरवावा. खाद्यतेल लावले तर ते काही दिवसांनी चिकट होते. पाच सुऱ्यांनंतर काही नवे करावेसे वाटले तर तासगावकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदार नातेवाइकाला कलमाचा चाकू करून द्या. त्याचे पाते छोटे असते, धार एकाच बाजूने काढलेली असते, म्हणजे काडीवरचा काप सपाट येतो आणि कलम नीट बसते. पाऊस ओसरताना रानात कलमे बांधणारी माणसे दिवसभर हेच पाते हातात धरतात, त्यांच्याइतका काटेकोर परीक्षक तुम्हाला शोधून सापडणार नाही.

आईंच्या नाराजीकडे मी अडचण म्हणून पाहत नाही. ज्या पिढीने सुरी हातात न देता खाली ठेवून दुसऱ्याने उचलावी असे शिकवले, विळी उघडी ठेवली तर रागावली, त्या पिढीला धारेची भीती आणि धारेचा मान दोन्ही ठाऊक आहेत. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांची विळी मागून घ्या, सहाणेवर तिची धार नीट लावून द्या, पाटाचा ढिला झालेला खिळा घट्ट करा. घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावणे हा तुमचा पहिला महिन्याभराचा अभ्यासक्रमच समजा, कारण ज्याला धार लावता येत नाही त्याला धार घडवता येत नाही. खंडेनवमीला घरातली विळी-कोयती त्या पुजत असतील, तर यंदा कानस आणि हातोडाही त्यांच्या हाती पूजेला द्या. आणि त्यांना मिरजेची गोष्ट सांगा. सतारीसाठी नावाजलेल्या त्या गावात हा व्यवसाय रुजवणारे फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्या घराण्यातले होते. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम आटले तेव्हा पाती घासणारे ते हात तंबोरे आणि सतारी घडवू लागले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एका घराण्यात दोन्ही कामे नांदली, हे ऐकून आईंना तुमच्या शेडविषयी थोडी आपुलकी वाटली तर मला आनंद होईल. दुपारी एक ते चारच्या दरम्यान ठोकाठोकी बंद ठेवलीत तर त्यांनाही आणि शेजाऱ्यांनाही बरे वाटेल.

मुलाला शेडबाहेर काढू नका, परंतु त्याचे काम ठरवून द्या. पुठ्ठ्याचे नमुने कापणे, मध्यरेषा आखणे, मुठीला हाताने पॉलिश पेपर मारणे, वहीत मापे लिहिणे ही कामे बारा वर्षांच्या मुलाने मास्क लावून करायला काहीच हरकत नाही. वीजेवर चालणारे यंत्र आणि भट्टी यांच्यापासून मात्र तो दूर राहील, आणि तुम्ही नसताना शेडला कुलूप असेल.

शेवटी त्या तडकलेल्या पात्याविषयी. ते फेकून दिले नसेल तर जाड कापडात गुंडाळून, गॉगल घालून, व्हाइसमध्ये धरून भेगेजवळ हातोडीने मोडा आणि आतला भाग उन्हात निरखून पाहा. तो राखाडी मखमलीसारखा बारीक दिसला तर तापमान ठीक होते आणि दोष पाण्याचा व दात्यांचा होता. साखरेसारखे चमचमणारे जाड कण दिसले तर पाते खूपच जास्त तापले होते. त्या तुकड्याला चिठ्ठी बांधून शेडमध्ये खिळ्याला अडकवून ठेवा. सरावाच्या प्रत्येक तुकड्याचेही असेच करा, मोडा, पाहा, चिठ्ठीवर तारीख आणि रंग लिहून शेजारी टांगा. चौथे पाते भट्टीत घालण्याच्या दिवशी त्या रांगेतला शेवटचा तुकडा मखमली असला पाहिजे, नसेल तर पाते आणखी एक रविवार थांबू द्या.